त्या घरात कोण राहतं?

"बाई, त्या घरात कोण राहतं?"

पाचवीच्या वर्गाची सहल घेऊन राणीच्या बागेतून बाहेर पडत होते, तेव्हा एका मुलीनं मला हे विचारलं. बस सकाळी उशिरा आली होती. पेंग्विन पाहायच्या रांगेत बराच वेळ गेला. झाडाखाली बसून डबे खाईपर्यंत दोन वाजले आणि चारच्या आत शाळेत परतायचं होतं. एकेचाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षक, दोन मावशी. डोकी मोजत फाटकाकडे निघालो असताना ती मुलगी रांगेतून मान वळवून उंच खिडक्यांच्या त्या देखण्या इमारतीकडे बघत होती. कोणी राहत नाही गं, ते म्युझियम आहे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मग आपण आत का नाही गेलो?"

मी वेळेचं कारण सांगितलं आणि ते खरंही होतं. पण घरी आल्यावर हिशेब केला. परळच्या आमच्या शाळेतून इतक्या वर्षांत मी या बागेत तेरा सहली आणल्या आणि त्यातल्या फक्त दोनदा मुलांना घेऊन डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. दर वेळी बस उशिरा येत नाही. मग मी का गेले नाही? कारण माझ्याही मनात बाग आणि संग्रहालय ही दोन वेगळी ठिकाणं होती. त्यांची तिकिटं वेगळी, पत्रव्यवहार वेगळा, त्यामुळे आमच्या सहलीच्या कागदावरही दोन वेगळ्या ओळी. वेळ कमी पडला की दुसरी ओळ कापायची. रविवारी भायखळ्याला जाऊन पाहा. लालबाग, नागपाडा, कुर्ला, पार डोंबिवलीहून आलेली कुटुंबं लेकरांचे हात धरून, पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं घेऊन बागेत शिरतात. त्यांतली फार थोडी संग्रहालयाकडे वळतात. ही दोन ठिकाणं पुन्हा एक झाली पाहिजेत, एका तिकिटात आणि एका भेटीत, असं माझं म्हणणं आहे. 'पुन्हा' म्हणते, कारण ती जन्मली तीच एकत्र.

त्या मुलीला ती इमारत घर वाटली यात नवल नाही. आज आपल्याला कल्पनाही करता येत नाही, पण माझगाव, भायखळा, परळ हा पट्टा एकेकाळी मुंबईबाहेरचा निवांत मुलूख होता. कोटातली, म्हणजे आजच्या फोर्टातली, गर्दी नको झालेले साहेब आणि धनिक इथे बागबगिच्यांचे बंगले बांधून राहत. माझगावचे आंबे नावाजलेले होते, वर्षातून दोनदा बहर येणारी झाडं तिथे होती असं सांगतात. परळला खुद्द गव्हर्नरचा बंगला होता, पूर्वीच्या पोर्तुगीज चर्चच्या जागेवर. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी त्या बंगल्यात कॉलऱ्यानं वारली, आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. १८९९ मध्ये त्याच वास्तूत हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. हाफकिन संस्थेवरून मी रोज जाते, पण तिथे कधी कारंजी आणि मेजवान्या होत्या हे मलाही बऱ्याच उशिरा कळलं. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा भायखळ्याचा 'प्रेमोद्यान' बंगला पुढे मिशनरी संस्थेकडे गेला. बाकीच्या वाड्याबंगल्यांपैकी कुठे गिरणी उभी राहिली, कुठे गोदी, कुठे चाळ, आणि आता टॉवर.

या साऱ्या इस्टेटींपैकी एक मात्र लोकांची झाली, आणि झाली म्हणून टिकली. शिवडीला शेतकी आणि बागाईत संस्थेची एक वनस्पती बाग होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली, तेव्हा बागेला नवी जागा शोधावी लागली. मिळाली ती माझगावची माउंट इस्टेट, व्यापारी डेव्हिड ससून यांच्या मालकीची, सुमारे ३३ एकरांची. १९ नोव्हेंबर १८६२ या दिवशी लेडी फ्रिअर यांनी ही बाग लोकांसाठी खुली केली, आणि त्याच दिवशी त्यांचे पती गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसवली. दिवस एक, जमीन एक. फुलझाडं आणि कलावस्तू शेजारी शेजारी असाव्यात, माणसानं एकीतून दुसरीकडे जावं, ही त्यामागची कल्पना होती. प्राणी फार नंतर आले, १८९० च्या सुमारास बागेला आणखी १५ एकर जोडले गेले तेव्हा. आज 'राणीची बाग' म्हटलं की आपल्याला पिंजरेच आठवतात, पण या तीन भावंडांत ते धाकटं.

संग्रहालयाची कहाणी तर त्याआधीपासून सुरू होते. पहिला संग्रह कोटातल्या टाउन बराकीत होता. १८५७ चं बंड झालं, लष्कराला बराकी हव्या होत्या, आणि वस्तू घाईघाईनं बाहेर काढल्या गेल्या. त्यात पुष्कळसा संग्रह मोडला, विस्कटला. उरलेलं जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरांनी गोळा केलं. मग जगन्नाथ शंकरशेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती उभी राहिली, बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी तिचे चिटणीस. वर्गणी जमली, कारण अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर बुडाले, भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. भाऊ दाजींनाही त्या सट्ट्यात मोठा फटका बसला. नाना शंकरशेटांचं त्याच वर्षी निधन झालं. बांधकाम रखडत रखडत पुरं झालं आणि २ मे १८७२ रोजी दारं उघडली.

भाऊ दाजींविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण माझा सगळा मुद्दा या एका माणसात सामावलेला आहे. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. गरिबांना फुकट औषध देणारे. जुने शिलालेख आणि नाणी वाचणारे संस्कृतचे पंडित, दोनदा मुंबईचे शेरीफ. आणि हाच माणूस देशी वनस्पतींचे गुण तपासत होता, कुष्ठरोगावर झाडपाल्यातून औषध मिळतं का याचे प्रयोग करत होता. झाड वेगळं, शिलालेख वेगळा, रोगी वेगळा, अशी खाती त्यांच्या डोक्यात नव्हती. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं गेलं. जिजाऊंचं नाव बागेला, भाऊ दाजींचं संग्रहालयाला. नावं देताना आपण मन मोठं केलं. पण ज्या माणसाचं नाव दिलं, त्याला जे एकसंध दिसत होतं ते आपण दोन फाटकांत वाटून टाकलं.

आत गेल्यावर काय दिसतं ते सांगते. बारीक नक्षीचे ओतीव लोखंडाचे खांब, पायाखाली इंग्लंडातल्या मिंटन कंपनीच्या रंगीत फरशा, हिरव्या आणि सोनेरी रंगात उजळलेलं छत. २००३ ते २००८ अशी पाच वर्षं खपून 'इंटॅक' या वारसा जपणाऱ्या संस्थेनं, महापालिका आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या साथीनं, ही वास्तू मोडकळीतून वर काढली, आणि युनेस्कोनं २००५ सालीच त्या कामाला आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार दिला. त्या लोकांचे मुंबईनं आभार मानायला हवेत. पण माझी मुलं थबकतात ती वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटांतल्या मातीच्या बाहुल्यांपाशी. वीतभर उंचीच्या मूर्ती: पारशी, भाटिया, कोळी, ब्राह्मण, मुसलमान, प्रत्येकाची पगडी निराळी, धोतराची तऱ्हा निराळी. दोन सहलींपैकी पहिल्या सहलीत एक मुलगा कपाटाला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ही पगडी आमच्या आजोबांच्या फोटोत आहे." नंतर त्यानं घरून तो फोटो आणला. फोटोतली पगडी थोडी वेगळी होती, बांधणीचा एक वळसा कमी. आम्ही वर्गात तासभर त्या एका वळशावर बोललो. इतिहासाच्या पुस्तकातल्या कुठल्याही धड्यानं मला असा तास दिलेला नाही.

आता बाहेर या. बागेत तीन हजारांहून जास्त झाडं आहेत, अडीचशेहून अधिक जातींची. मुंबई बेटावर झाडांचा इतका मोठा आणि इतका जुना संग्रह मी दुसरीकडे पाहिलेला नाही. संग्रह हा शब्द मी जाणून वापरते. गोरखचिंचेचा तो हत्तीच्या पायासारखा बुंधा आफ्रिकेचा. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हे झाड आपल्या किनाऱ्यावर आलं असं मानतात. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. त्याची फुलं फांदीला येत नाहीत, थेट खोडातून लोंबतात, आणि पाकळ्या उघडल्या की आत नागाच्या फण्याखाली पिंड ठेवावी तसा आकार दिसतो. दूरदेशच्या या झाडाला आपल्या माणसांनी शंकराचं नाव दिलं, देवळांच्या आवारात लावलं. उर्वशी ब्रह्मदेशातली, तिचे लाल तुरे झुंबरासारखे खाली झुकतात. तिचं शास्त्रीय नाव लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्यावरून पडलंय, मराठी नाव मात्र स्वर्गातल्या अप्सरेवरून. कोणती वस्तू कुठून आली, कोणी आणली, इथल्या लोकांनी तिला काय नाव दिलं, तिचं काय केलं, हेच तर संग्रहालय सांगत असतं. आत कपाटात नकाशे आहेत, मुंबईच्या व्यापाराच्या खुणा आहेत. बाहेर त्याच व्यापारानं आणलेली झाडं जिवंत उभी आहेत. एकीकडची पाटी दुसरीकडे बोट दाखवत नाही.

आवारातला दगडी हत्तीच घ्या. घारापुरीच्या बेटावर पोर्तुगीजांनी तो पाहिला आणि बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले गेले आणि १९१४ मध्ये सांधून पुन्हा उभे केले. सांधे आजही दिसतात. मुलांना मी तिथे हात न लावता, पण अगदी जवळून ते सांधे मोजायला सांगते. फोर्टातला 'काळा घोडा' हा एडवर्ड राजाचा पुतळाही १९६५ पासून इथेच आहे. शहराच्या वेगवेगळ्या काळांनी टाकलेलं, उचललेलं, वाचवलेलं बरंच काही या एका आवारात येऊन थांबलंय.

कला आणि बाग एकमेकींपासून तुटल्या की काय होतं, याचं एक उदाहरण मुंबईच्याच माणसाचं आहे, घडलं मात्र इंग्लंडात. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी १९०६ साली लंडनजवळ ट्विकनहॅमला थेम्सकाठचं यॉर्क हाउस विकत घेतलं, तिथली बाग संगमरवरी पुतळ्यांनी सजवली, चित्रं आणि वस्तू जमवल्या. १९१८ मध्ये ते गेले. त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाला, आणि आपण भाग्यवान ठरलो. ते घर आणि बाग पुढे तिथल्या नगर परिषदेनं घेतली. बाग आजही लोकांना खुली आहे. पण ज्या डोळ्यांनी ती चित्रं निवडली त्याच डोळ्यांनी ती बाग आखली होती, हे आता एका ठिकाणी उभं राहून कोणाला दिसणार नाही. समुद्र ओलांडून ते जोडणं अशक्य आहे. भायखळ्यात मात्र अंतर काही पावलांचं आहे.

आणि ज्या इस्टेटी लोकांच्या झाल्या नाहीत त्यांचं काय होतं, तेही आपण अलीकडेच पाहिलं. होमी भाभांचं मलबार हिलवरचं 'मेहरांगीर' २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना लिलावात गेलं. झाडांवर जीव लावणारा, स्वतः चित्रं काढणारा आणि आपल्या संस्थेसाठी चित्रं जमवणारा तो शास्त्रज्ञ त्या घरात राहिला. त्याचं स्मारक व्हावं म्हणून अणुऊर्जा खात्यातल्या लोकांनी मागणी केली, न्यायालयातही प्रश्न गेला. २०१६ मध्ये बंगला पाडला गेला. खासगी मालमत्तेचा कायदा मला समजतो, विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण त्या बातमीनंतर राणीच्या बागेची किंमत मला नव्यानं कळली. इथे विकणारा एकटा मालकच नाही, मालक आपण आहोत.

म्हणूनच पेंग्विनविषयी मला बोलावंसं वाटतं. २०१६ साली ते सोलहून आले, २०१७ मध्ये लोकांना पाहता आले आणि त्याच वर्षी बागेचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. लहान मुलांना पेंग्विन आवडतात, माझ्या वर्गालाही आवडले, त्यांच्या आनंदावर मी पाणी टाकणार नाही. प्राण्यांसाठी चांगली जागा बांधायला पैसा लागतो हेही खरं. पण एका थंड खोलीतल्या मोजक्या पक्ष्यांभोवती अख्ख्या बागेची ओळख फिरू लागली, सहलीचं वेळापत्रक त्या रांगेवर ठरू लागलं, याचं मला दुःख आहे. त्याआधी, २००७ च्या सुमारास, महापालिकेनं कोट्यवधींची पुनर्विकास योजना आणली होती, परदेशी धर्तीच्या प्राणिसंग्रहालयाची. तेव्हा काही नागरिकांनी, त्यातही झाडांचा अभ्यास असलेल्या काही स्त्रियांनी, वर्षानुवर्षं कागद काढले, झाडं मोजली, वारसा समितीपुढे बाजू मांडली आणि ही मुळात वनस्पती बाग आहे हे सरकारदरबारी मान्य करून घेतलं. आज आपण ज्या सावलीत डबा खातो ती त्यांच्या चिकाटीमुळे उरली आहे.

मग ५० रुपयांत संग्रहालयही का असू नये? माझी मागणी एवढी साधी आहे. बागेचं तिकीट काढणाऱ्याला त्याच तिकिटावर संग्रहालयात जाता यावं. दोन्हीकडे पालिका आहेच; हिशेबाची वाटणी आत बसून करता येईल, ती तिकीटखिडकीवर उभ्या असलेल्या बाईच्या पर्समध्ये कशाला? आईबाप आणि दोन मुलं अशा कुटुंबाला पुन्हा वेगळे वीस-तीस रुपये काढणं जड नसेलही, पण दुसऱ्या रांगेत उभं राहायचा विचारच माणसाला मागे फिरवतो. तिकीट एक झालं की पावलं आपोआप वळतील.

यावर एक आक्षेप मी संग्रहालयाची कळकळ असणाऱ्यांकडूनच ऐकला आहे, आणि तो हलका नाही. रविवारच्या गर्दीचे लोंढे आत आले तर नाजूक वस्तूंचं, त्या फरशांचं काय? इतक्या कष्टानं वाचवलेलं पुन्हा झिजेल. ही भीती खरी आहे. आतली हवा, आर्द्रता, काचेवरचे हात, या सगळ्याचा वस्तूंवर परिणाम होतो. पण त्यावरचा उपाय ठराविक वेळेला ठराविक माणसं आत सोडण्याचा आहे, गर्दीला बाहेर ठेवण्याचा नाही. पेंग्विनसाठी आपण रांग लावतो, गटागटानं सोडतो, कोणी कुरकुर करत नाही. मातीच्या बाहुल्यांसाठी का नको? आणि दुसरंही आहे. ही वास्तू वर्गणीतून, लोकांसाठी म्हणून उभी राहिली. ती ज्यांच्यासाठी बांधली, त्यांची गर्दी हाच तिला धोका आहे असं मानायचं तर मग आपण ती कोणासाठी जपतो आहोत?

वस्तूंवरच्या आणि झाडांवरच्या पाट्यांबद्दलही एक सांगते. माझ्या वर्गातल्या मुलांना लॅटिन नावं नकोत असं नाही, ती असावीत. पण कैलासपतीखाली दोन ओळी मराठीत असाव्यात, पाचवीतल्या मुलीला स्वतः वाचता येतील अशा, आणि तिसऱ्या ओळीत लिहावं की या झाडाबद्दल आणखी पाहायचं असेल तर आत जा. आतल्या कपाटापाशी लिहावं की हे लाकूड, हा रंग, हा वास ज्या झाडाचा, ते बाहेर उभं आहे, डावीकडे वळा. संग्रहालयात समकालीन चित्रकारांना जुन्या संग्रहाला उत्तर देणारी कामं करायला बोलावतात, हे फार चांगलं काम आहे. त्यांतल्या एखाद्याला बागेतल्या एका झाडापाशी काम करायला सांगावं. आणि बागेतल्या माळ्यांना कधीतरी संग्रहालयात बोलायला बोलवावं. एका माळीकाकांनी माझ्या मुलांना उर्वशीचं एक गळून पडलेलं फूल हातात देऊन त्याच्या पाकळ्या मोजायला लावल्या होत्या, मोठी किती आणि बारकी किती. त्या दिवशीचं मुलांना बाकी काही आठवत नाही, ते फूल आठवतं.

दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात, म्हणजे सुटी तरी आजही एकत्र आहे. मग १९ नोव्हेंबरला, बुधवार नसेल त्या वर्षी, दोन्ही एका तिकिटावर उघडून पाहावीत. एक दिवस करून पाहायला काय हरकत आहे? किती माणसं आत आली, काय मोडलं, काय नाही, हे मोजावं आणि मग पुढचं ठरवावं.

माझ्या वर्गाची पुढची सहल जानेवारीत आहे. कागदावर मी या वेळी एकच ओळ लिहिली आहे. सकाळी आधी संग्रहालय, मग दगडी हत्ती, मग कैलासपती आणि उर्वशी, आणि वेळ उरला तर पेंग्विन. मुलं थोडी नाराज होतील, ठाऊक आहे. ती प्रश्न विचारणारी मुलगी आता सहावीत गेली. तिच्या वर्गशिक्षिकेला सांगून तिलाही बसमध्ये घेणार आहे.